पावणेसातची

दापोलीत थंडी ती काय मोठी,
नळाचं पाणी दाताला लागतं,
खोबरेल बाटलीत धरतं, एवढीच.
पण गाडीला ती पुरते.

डी वर टाकतो.
गाडी ऐकून घेते. मग विचार करते.
एक, दोन, तीन...
आणि कुणी पाठीत गुद्दा घातल्यासारखी निघते.

सुगंधाने घेऊन दिली, दोन घरं फिरून आलेली.
'बाबा, तुमच्या डाव्या गुडघ्याला क्लच नको आता.'
क्लच नाही, खरं आहे.
तरी डावा पाय रोज
अंधारात चप्पल शोधावी तसा
तिथली रिकामी जागा चाचपतो.

एकतीस वर्षं एसटीचा दांडा हलवला मी.
इंजिनाचा सूर चढला की हात आपसूक जायचा,
दुसऱ्यातून तिसऱ्यात,
कुणाला विचारायचं नव्हतं.
ही म्हणे स्वतःच बदलते.
म्हणजे बदलत नाही.
गिम्हवण्यापर्यंत दुसऱ्यातच विव्हळते,
काटा साडेतीन हजारावर.
बाळाला भरवताना आपलंच तोंड उघडतं ना,
तसा माझा हात
हवेतल्या हवेत तिसरा टाकतो.

मुश्ताक सारंगने पट्टी ओढली,
तेल बोटावर घेतलं, हुंगलं, माझ्या नाकाशी धरलं.
करपलेल्या डाळीचा वास.
'चाचा, गियर नाय बिघडला. तेल म्हातारं झालाय.
गारठ्यात दाट होतं, सरकत नाय.
शनवारी बदलतो. तवर
उठल्या उठल्या पळवू नका तिला.'
हेच मला डॉक्टरने
तीनशे रुपये घेऊन सांगितलं होतं.

आज गुरुवार.
भिकाजी धोपट गेटपाशी उभा, मफलर कानावर,
पासबुक दुधाच्या पिशवीत.
त्याला हर्णैला जायचंय, हयातीच्या दाखल्याला.
'अरे, दहाला उघडतं ते.'
'आपली पावणेसातची,' तो म्हणाला,
आणि माझ्या शेजारी बसला.
बावीस वर्षं एका गाडीवर होतो आम्ही,
शेजारी असा कधी बसला नव्हता.
त्याची जागा मागे, दाराशी.

निघालो. गुद्दा बसला.
तो काही बोलला नाही.
बाजार संपला, चढ संपला, गाडी रडायला लागली.
मी पाय सैल सोडला, परत दिला,
पुन्हा सोडला.
तेव्हा भिकाजीने खिशातून
पाचाचं नाणं काढलं
आणि डॅशबोर्डवर दोनदा वाजवलं.
टक् टक्.

तिसरा पडला.

'तेल तापलं असेल,' मी म्हटलं.
'असेल,' तो म्हणाला, बाहेर बघत.

आसूदच्या उतारावर पोफळींत धुकं अडकलेलं,
खाली हर्णैत मात्र स्वेटर काढायची वेळ.
तीन तास बंदरावर बसलो,
कोण मेलं, कोणाला फंड मिळाला नाही,
कोणता डेपो-मॅनेजर कसा चालायचा.

दहाला यंत्रावर अंगठा ठेवला त्याने.
लाल.
पुन्हा लाल.
तिकिटं फाडून फाडून रेषा गेलेल्या,
आणि भिकाजीची बोटं तशी बारमाही गार.
'काका, चोळा जरा,' कॉम्प्युटरवरची पोरगी म्हणाली.
तिने आपल्या चहाचा ग्लास पुढे सरकवला.
त्याने तो दोन्ही हातांत धरला, प्यायला नाही.
चौथ्या वेळी हिरवा.
'झालं. आहात तुम्ही.'
महिना अकराशे चाळीस रुपये,
आणखी एक वर्ष.

परतताना ऊन चढलेलं.
आसूदचा चढ गाडीने असा घेतला
की गियर कधी बदलले, मलाही कळलं नाही.
थोडं वाईटच वाटलं.
भिकाजीच्या मुठीत नाणं तसंच होतं,
वाजवायचं काही उरलं नव्हतं.

त्याच्या गेटापुढून मी बोलत बोलत
पुढेच निघालो होतो.
टक्.
एकदाच.

ब्रेकवर गेला तो उजवा पाय.
डावाही गेला, त्याच्या जुन्या जागी.